दुकान की कडुनिंब: कापसीहून दीक्षाभूमीपर्यंत एक दिवस

नागपुरात धरमपेठेत राहणाऱ्यांना दसऱ्याच्या आसपास दीक्षाभूमीची एकच माहिती हवी असते, ती म्हणजे कोणते रस्ते बंद आहेत. मीही दरवर्षी तेवढंच विचारायचे. पण मला मूळचीच चौकशीची खोड. पांढरे कपडे घातलेली, खांद्याला पिशव्या अडकवलेली ही माणसं थेट पायी येतात म्हणजे कुठून येतात, रात्री झोपतात कुठे, जेवतात काय, हे प्रश्न डोक्यात फिरत असायचे. यंदा ऑफिसातली जुनी मैत्रीण वंदना हुडकेश्वरहून भेटायला आली तेव्हा तिलाच विचारलं. ती हसली आणि म्हणाली, "विचारून काय राहिली? चाल ना एक दिवस. माझी आत्या मौद्याकडून दरसाल पायी येते. तिच्यासोबत लावून देते तुला."

दसऱ्याला उजाडता उजाडता नवऱ्याने मला स्कूटरवरून भंडारा रोडवरच्या कापसीला सोडलं. वाटेत त्याची भुणभुण चालूच होती. आमच्या घराचं गेट समोरून काढून बाजूच्या गल्लीत न्यायचं आम्ही ठरवलं होतं, कारण गाडी वळत नाही. मिस्त्री नेमका त्याच आठवड्यात येणार होता आणि मला चालायचं सुचलं होतं. "गेट पळून जात नाही," असं सांगून मी त्याला परत पाठवलं.

आत्याच्या मंडळींचा रात्रीचा मुक्काम विहाराशेजारच्या मांडवात होता. दहाबारा बायामाणसं, एका बांबूला पंचशील झेंडा, आणि चुलीवर चहा. वंदनाची आत्या शेवंताबाई एका कोपऱ्यात बसून गुडघ्याला तेल चोळत होत्या. वय साठीच्या बरंच पुढे, अंगाने बारीक, आवाज मात्र खणखणीत.

"जयभीम. तुमीच का त्या धरमपेठच्या मॅडम?"

"जयभीम. मॅडम नका म्हणू, आत्याबाई."

"मंग चपला बदल वं. ह्या पारडीपर्यंतबी टिकत नाहीत."

चपला खरंच टिकल्या नाहीत. या वाटेने चालायचा विचार असेल तर जुने, पायाला सरावलेले बूटच घाला. पाणी मात्र सोबत घेऊ नका, उगाच ओझं होतं. भंडारा रोडवर थोड्या थोड्या अंतरावर कुणीतरी मांडव टाकून उभं असतं. पोहे-तर्री, बुंदी, केळी, ताक, मग आलूभात. खर्च म्हणाल तर दिवसभर कुणी खिशात हात घालू देत नाही. या मंडळींचा एक नियम मात्र आधीच सांगून ठेवते, कारण मला कुणी सांगितला नव्हता: वाढणाऱ्याला नाही म्हणायचं नाही. एका ठिकाणी पोहे खाल्ले म्हणून पुढच्या मांडवाला टाळलं, असं चालत नाही. पारडी येईपर्यंत मी तीनदा पोहे खाल्ले होते आणि माझी चाल म्हशीसारखी झाली होती.

चालता चालता आत्याबाईंच्या पायी येण्यामागची गोष्ट कळली. छप्पन साली त्यांचे वडील याच रस्त्याने चालत दीक्षेला गेले होते. तेव्हा आत्याबाई जन्मल्याही नव्हत्या. घरात ऐकत आल्या, मग लग्नानंतर स्वतः चालू लागल्या. धाकटी बहीण गया वाशीमकडच्या गावात दिली. ती रेल्वेने येते. दोघींची भेट वर्षातून एकदा, इथेच. एका ठरलेल्या पुस्तकवाल्याच्या दुकानापाशी भेटायचं, एकमेकींसाठी एकेक पुस्तक घ्यायचं, शेजारी बसून डबा खायचा, आणि संध्याकाळच्या गाडीने गयाबाई परत.

"वर्षातून एकदाच?"

"तिच्या घरी ढोरं, माह्या घरी ढोरं. कोन सोडन?" आत्याबाई म्हणाल्या. "अन् मांगच्या साली तिच्या डोळ्याचं आपरेशन होतं. आलीच नाही. दोन वर्सं झाले तिचं तोंड पाहून."

आता माझ्या लक्षात आलं की त्या सारखं ऊन कुठवर आलंय ते का बघत होत्या. गुडघा साथ देत नव्हता, आणि संध्याकाळची गाडी काही थांबणार नव्हती.

पारडीत त्यांनी मंडळींना पुढे धाडलं. झेंडा पुढे गेला. मी मागे राहिले, थोडी काळजीने आणि खरं सांगायचं तर थोडी माझ्याही पायांसाठी. सेंट्रल एव्हेन्यूला लागलो तेव्हा ऑक्टोबरचं ऊन डोक्यावर रणरणत होतं. वरून मेट्रो जात होती आणि आम्ही तिच्या खांबांच्या सावल्या धरून पुढे सरकत होतो. एका खांबाशी आत्याबाई मटकन बसल्या. गुडघा चांगलाच सुजला होता.

"आत्याबाई, ऑटो करू या. रस्ता बंद असेल तिथपर्यंत तरी."

तेवढ्यात एक ऑटोवाला आपणहून थांबला. "बसा ना आई, पैसे नाई घेत."

आत्याबाईंनी ऑटोकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बसली तर गया भेटन. पन इतके वर्सं चालली, अन् आता शहरात येऊन बसू?" मग माझा हात धरून उठल्या. "गया थांबते. मले ठाऊक हाय."

ऑटोवाला गेला. मला त्या क्षणी त्यांचा राग आला होता. दोन वर्षांनी भेटणारी बहीण मोठी की हा हट्ट, असं विचारावंसं वाटलं. विचारलं नाही, कारण त्या पुढे चालायला लागल्या होत्या.

पंचशील चौकाच्या पुढे रस्त्यावर नुसती माणसं. इथून फोनचा काही उपयोग नाही, लागतच नाही. रहाटे कॉलनी चौकातून आत शिरलो तेव्हा ऊन उतरलं होतं आणि पुढे पांढरा स्तूप दिसला. धरमपेठेतून गाडीने जाताना मी तो शेकडो वेळा पाहिलाय. पायी येऊन पाहिला तेव्हा मी रस्त्याच्या मधोमध थांबले. आत्याबाईंनी नळावर पाय धुतले, पिशवीतली पांढरी साडी अंगावरच्या साडीवरून गुंडाळली आणि दर्शन घेतलं. बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "चाल आता, दुकान पाहू."

दुकान मिळायला वेळ लागला, कारण यंदा पुस्तकांची रांगच दुसऱ्या बाजूला हलवली होती. दुकानदाराने आत्याबाईंना ओळखलं.

"बहीण नाई दिसली गा?" त्यांनी विचारलं.

"नाही आई. सकाळपासून नाही."

आत्याबाई दुकानाशेजारी खाली बसल्या. बराच वेळ पुस्तकं चाळून एक निवडलं, मोठ्या अक्षरांचं. गयाबाईंच्या डोळ्यांसाठी असणार. गाडीची वेळ कधीच होऊन गेली होती. पुस्तक मांडीवर ठेवून त्या गर्दीकडे बघत होत्या. मला त्यांच्याकडे बघवेना.

मग सुचलं. दुकानदाराला विचारलं, "आधी तुम्ही कुठे असायचे?"

"त्या तिकडे, कडुनिंबाखाली."

माणसं ढकलत तिकडे गेले. कडुनिंबाखाली आता औषधोपचाराचा मांडव होता. मांडवाच्या दोराला टेकून एक पांढऱ्या साडीतली बाई पिशवीवर बसली होती, डोळ्यांवर काळा चष्मा, हातात एक नवं पुस्तक.

"गयाबाई?"

"तू कोन वं?"

"शेवंताबाई तिकडे दुकानापाशी बसल्या आहेत. चला."

"दुकानापाशी काहून? जागा इथं ठरली होती. दुकान हाललं म्हनून जागा हालते का?"

म्हणजे त्या दुपारपासून इथे बसून होत्या. दुकान दिसलं नाही तरी हलायचं नाही म्हणून. गावची माणसं गाडीला गेली, या गेल्या नाहीत. मी त्यांना आत्याबाईंच्या गुडघ्याचं सांगितलं तेव्हा कुठे उठल्या, आणि मग माझ्यापेक्षा भरभर चालल्या.

दोघी भेटल्या त्या भांडतच.

"म्या सांगलं होतं ना, दुकान जिथं, आपन तिथं!"

"अन् मी झाडाखाली वाळून राहिली होती ते?"

"गाडी गेली ना तुही."

"गाडी उद्याबी हाय."

आणि गयाबाई खाली बसून बहिणीचा गुडघा दाबायला लागल्या. दोघींचे डोळे वाहत होते आणि तोंडं चालूच होती. मीही मेली तिथे उभी राहून रडले. दुकानदाराने आम्हाला तिघींना पाणी दिलं.

डबा उघडला. सकाळच्या भाकरी कडक झाल्या होत्या, तरी ठेच्यासोबत मजेत गेल्या. खाता खाता आत्याबाई हळूच म्हणाल्या, "पुढच्या साली माह्यानं चालनं होत नाही, गया."

गयाबाईंनी घास गिळला. "मंग मी चालते. मौद्याले येते, तुह्या घरून निंघते. तू ये आरामात बसनं."

"तुले जमन?"

"डोळे नवे हायेत माहे. पाय तर होतेच."

आणि लगेच पुढचं भांडण सुरू झालं, एक पायी येणार आणि एक बसने, तर भेटायचं कुठे? एक म्हणे दुकान, एक म्हणे कडुनिंब. शेवटी मीच म्हटलं, "माझ्या घरी भेटा. धरमपेठेत, इथून जवळच. गल्लीच्या तोंडाशी घर, रस्त्यावर हिरवं गेट आहे, विचारत याल तर कुणीही दाखवेल. तिथून तिघी मिळून येऊ."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. "हिरवं गेट," गयाबाईंनी मनाशी घोकलं. "समोरच हाय ना?"

"समोरच."

रात्री दोघी वंदनाकडे हुडकेश्वरला गेल्या आणि मी लंगडत घरी आले. पाय पुढे चार दिवस दुखले. पोहे अजून नको वाटतात. रस्ते कुठे बंद आहेत हे यंदा कुणाला विचारावं लागलं नाही, कारण मी त्यातूनच चालत आले होते. ऑटोवाल्या क्षणाचा माझा राग आठवला की अजून हसू येतं.

त्याच आठवड्यात मिस्त्री आला. नवऱ्याने त्याला गल्लीच्या बाजूची भिंत दाखवली आणि खडूने खूण करायला घेतली. मी चहाचे कप घेऊन बाहेर आले आणि म्हटलं, "गेट कुठे जाणार नाही. रंगही हिरवाच द्यायचा."

"अगं, पण गाडी?"

"गाडी बाहेर लाव."