वल्हांडणाचं ताट

ती घटना आठवली की आजही माझी मान खाली जाते. गोव्यात पेडणे तालुक्यात फौजदार होतो तेव्हाची गोष्ट. मांद्र्याच्या एका गेस्टहाऊसमध्ये उतरलेल्या इस्रायली आजीबाई दुपारी ठाण्यात आल्या. ज्यू लोकांच्या वल्हांडण सणाचं त्यांचं चांदीचं ताट, मांडून ठेवलेलं, टेबलावरून नाहीसं झालं होतं. सहा खोलगट खणांचं, आईकडून आलेलं. संध्याकाळी त्याच ताटावर सण व्हायचा होता.

खबर लगेच मिळाली. झाडलोट करणाऱ्या बाईला पदराखाली काहीतरी झाकून नेताना माळ्याने पाहिलं होतं. ती सावंतवाडीकडची, विधवा, चार घरची कामं करून पोट भरणारी. तिला वाड्यावरून, म्हणजे तिच्या वस्तीतून, सगळ्यांदेखत जीपमध्ये घातलं.

महिला शिपाई शेजारी बसवून चौकशी केली. गोडीत विचारलं, दरडावलं. ढिम्म! गप्प बसतो तो गुन्हेगार, हे आमच्या खात्याचं जुनं गणित. मीही तेच मांडलं, गाढवासारखं.

मुद्देमालाचं वर्णन लिहिताना हवालदाराने विचारलं, ताटात काही होतं का? आजीबाईंनी सांगितलं: भाजलेलं हाड, उकडलेलं अंडं, गुलामीचे दिवस आठवायला कडू पाला. हवालदार पेडण्याचाच. त्याचं पेन थांबलं.

"साहेब, हो उतारो कसो दिसता! आनी आज पुनव."

हाड, अंडं, पाला असलं काही मांडून करणी उतरवतात आणि तिठ्यावर, तीन रस्ते मिळतात तिथे, नेऊन ठेवतात तो उतारा. ठेवल्यावर मागे बघायचं नाही, कुणाशी बोलायचं नाही. मी बाईला वेगळंच विचारलं, "कुठल्या तिठ्यावर ठेवलंस गो?"

तिला रडूच फुटलं. "म्हातारेर कोणीतरी करणी केल्यान असा वाटला, सायबानू. बोललंय तर ती तिच्यारच उलाटतली, म्हणान गप रवलंय."

ताट तिठ्यावरच होतं. हाड-अंडं कुत्र्यांनी नेलेलं, चांदीला मात्र कुणी बोट लावलं नव्हतं. लावतोय कोण! ऊन असतानाच ताट आणि बाईला घेऊन गेस्टहाऊसवर पोचलो. सगळं ऐकून आजीबाई तिचे हात धरून बसून राहिल्या.

"जा बाई, सुटलीस," मी म्हटलं. ती हलेना.

"गाडयेत घालून न्हेलात ता सगळ्या वाड्यान बघल्यान. सोडलात ता कोण बघतलो?"

तिला जीपमध्ये पुढे बसवलं, वाड्यावरच्या दुकानासमोर उतरलो आणि चारचौघांत मोठ्याने सांगितलं, "हिने चोरी केलेली नाही. चूक माझी."

नोकरीत पुष्कळ चोर पकडले, शाबासक्या मिळाल्या. पण धरताना गाजावाजा करायचा आणि सोडताना कुजबुजायचं, ही आमची सवय किती वाईट, ते मला त्या बाईने शिकवलं. त्यानंतर ज्याला नाहक आणलं, त्याला घरापर्यंत पोचवायला मी स्वतः जात राहिलो, दिवसाउजेडी.