मूर्तीअंकलचा न वळणारा ट्रक

आमच्या घराण्यात आजवर कोणीही ट्रक चालवलेला नाही, आणि जो एक आमच्या घरी आला तो वळत नव्हता.

ट्रक म्हणजे दहा चाकी वगैरे नव्हे. रिमोटवर चालणारा, पिवळाधमक, प्रेशर कुकरच्या खोक्याएवढा. मालक मूर्तीअंकल. ते पप्पांचे ऑफिसातले सोबती आणि मलकपेठेत आमच्या समोरच्याच घरात राहणारे. अमेरिकेतल्या मुलाने वडिलांचं मन रमावं म्हणून तो पाठवला होता, आणि वडिलांचं मन इतकं रमलं की मुलाचा फोन आला तरी ते म्हणायचे, "बाद में कर रे, अभी चढाव आया." रोज संध्याकाळी मागच्या मैदानात ते ट्रक चालवायचे आणि पप्पा शेजारून चालायचे. अशी चार वर्षं.

"वाघमारे गारू, एक बार हाथ में लेव ना," मूर्तीअंकल रिमोट पुढे करायचे. ('गारू' म्हणजे तेलुगूतलं 'राव'.)

"नक्को, नक्को. तुम चलाव," असं म्हणून पप्पा दोन्ही हात पाठीमागे बांधायचे. दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायचा नाही हा त्यांचा नियम. (डोळे लावायला मात्र हरकत नव्हती.)

ते दिवस आमच्या तेलुगू राज्याचे दोन भाग होण्याचे. पप्पांच्या ऑफिसातल्या खुर्च्या, कपाटं, फायली आणि माणसं, सगळ्यांची वाटणी चालली होती. पप्पांच्या हातात इकडेच राहायचा कागद पडला, मूर्तीअंकलच्या हातात तिकडच्या राज्यात जायचा. एकवीस वर्षं एकमेकांच्या डब्यातलं लोणचं खाणारी ही दोन माणसं आठवडाभर एकमेकांशी फक्त हवामानाबद्दल बोलली.

आणि मी? मी बावीस वर्षांची होते आणि पत्रकं लिहीत होते!

त्यात माझा फारसा दोष नाही. आजोबांच्या ट्रंकेत कपड्यांपेक्षा पत्रकं जास्त. जयंतीची, सभेची, मोर्चाची. त्यांवरूनच त्यांनी मला अक्षरओळख करून दिली. मी वाचलेला पहिला शब्द 'समता' आणि दुसरा 'वर्गणी'. अशा मुलीचं पुढे जे व्हायचं तेच झालं. राज्य तुटू लागल्यावर मी, तिकडून येऊन इकडे नोकऱ्या धरणाऱ्यांविरुद्ध, एक जळजळीत पत्रक काढलं. मथळा: 'बाहेरच्यांनो, परत जा!!!' एका बाजूला मराठी, मागच्या बाजूला मैत्रिणीने केलेला तेलुगू अनुवाद, कारण गल्लीतली मराठी पोरंसुद्धा मराठी बाजू हातात घेऊन म्हणायची, "दीदी, ये क्या लिखा, पढ़ के बता ना." मी प्रत्येक फाटकात एकेक पत्रक खोचलं. मूर्तीअंकलच्याही. तत्त्व म्हणजे तत्त्व! (त्याच संध्याकाळी मी त्यांच्याकडे तीन पेसरट्टू, म्हणजे मुगाचे डोसे, खाल्ले. भूक म्हणजे भूक.)

जायला पंधरा दिवस उरले तेव्हा मूर्तीअंकल ट्रक घेऊन आमच्याकडे आले.

"घर में पॅकिंग चालू है. वो लोगां इसकू तोड़ डालते. आप रखो. चलाव भी. मैं जाते वक्त लेतूं."

पप्पांनी ट्रक दोन्ही हातांत घेतला. "जैसा दिये वैसाच वापस देतूं," ते म्हणाले. त्यांचा आवाज असा, की जणू सरकारी तिजोरीची किल्ली घेतायत. मित्राने जाताना टाकलेली शेवटची जबाबदारी होती ती. त्यांनी लगेच आमच्या घरचा रिवाज पाळला, म्हणजे रिमोटला प्लास्टिकचं कव्हर घातलं. आमच्याकडे टीव्हीचा रिमोट कव्हरात, फोन कव्हरात, सोफा कव्हरात. हाही नीट दुहेरी पिशवीत गेला आणि वरून तीन रबरबँड बसले. धूळ लागायला नको!

दुसऱ्या दिवशी पप्पा ऑफिसला गेले आणि मी ट्रक गच्चीवर नेला. पुढे? उत्तम. मागे? उत्तम. मग मी डावीकडे वळवला. ट्रक जरासा डावीकडे बघितल्यासारखा झाला आणि सरळ निघाला. उजवीकडे वळवला. तेच! समोर जुन्या साडीवर लोणच्याच्या मिरच्या वाळत होत्या. मी जिवाच्या आकांताने रिमोटवरचं चाक फिरवलं. ट्रक मिरच्यांतून आरपार गेला, पलीकडच्या भिंतीला धडकला आणि थांबला.

"प्रज्ञे!" आई जिन्यातून ओरडली. "माझ्या मिरच्या!"

"मिरच्यांचं काय घेऊन बसलीस? ट्रक वळत नाही!"

"तू तरी कुठं वळतेस?"

संध्याकाळी मी पप्पांना सांगितलं. (मिरच्या वगळून.) पप्पांचा चेहरा उतरला. त्यांनी हातपाय धुतले, ऑफिसचं रजिस्टर काढलं आणि चौकशी सुरू केली. पानावर मथळा: 'विषय: वाहन डावीकडे व उजवीकडे अपुरे वळणेबाबत.' खाली निरीक्षणं. चाके जमिनीवर थोडीच वळतात. चाके हवेत उचलली तरी थोडीच वळतात. बॅटरी पूर्ण भरली तरी तेवढीच वळतात. टायरात मिरचीचे बी आढळले. (इथे त्यांनी माझ्याकडे बघितलं.) शेवटी अभिप्राय: 'प्रकरण वरिष्ठांकडे पाठवावे.'

"वरिष्ठ कोण?" मी विचारलं.

"तुझी आई."

आईने शिलाई मशीनचं तेल आणलं. "मशीन म्हणजे मशीन. तेल मागतंच." आणि तिने पुढच्या चाकांना, मागच्या चाकांना आणि खबरदारी म्हणून छपरालाही तेल दिलं. आता आतल्या मिरचीच्या पुडीत तेल मिसळलं. ट्रक वळत तर नव्हताच, पण चालला की घरभर फोडणीचा वास सुटायचा! शेजारच्या काकू विचारून गेल्या, "आज काय बेत?"

तेव्हा मी प्रकरण हाती घेतलं. मला दोष लख्ख दिसत होता.

"पप्पा, अन्याय बघा! वळायचंही पुढच्या चाकांनी आणि ओझंही पुढच्या चाकांनीच वाहायचं! भाराची फेरवाटणी केली पाहिजे."

"बाई, तो ट्रक आहे."

"म्हणून काय झालं?"

मी मागच्या हौद्यात आईचा वरवंटा ठेवला. पुढची चाकं जमिनीवरून उचलली गेली, ओझ्यातून पूर्ण मुक्त झाली आणि हवेत स्वतंत्रपणे थोडीथोडी वळू लागली. ट्रक मात्र मागच्या चाकांवर सरळ चालत जाऊन पप्पांच्या अंगठ्यावर चढला.

पप्पा ओरडले नाहीत. अंगठा धरून एवढंच म्हणाले, "त्या माणसाला मी काय तोंड दाखवू?"

ते मला लागलं. मी स्क्रूड्रायव्हर घेतला. पोटात एक छोटी काळी डबी होती. तीच चाकं वळवते एवढं कळलं. मी ती काढली, हलवून बघितली, वास घेतला (फोडणीचा), आणि परत बसवली. एक स्क्रू उरला. डबी आता डुगडुगू लागली. म्हणजे आधी ट्रक वळत नव्हता. आता तो न वळता थरथरतही होता!

शनिवारी मी ट्रक पिशवीत घालून आबिड्सच्या बाजारात गेले. पोस्टाच्या मागच्या गल्लीत खालिदभाई नावाचे म्हातारे रेडिओवाले बसतात. त्यांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला.

"रिमोट किधर है?"

"पप्पा घर के बाहर नहीं निकालने देते."

"माशाल्ला! घोड़ा लाए, लगाम घर पे!"

तरी त्यांनी आपल्या बॅटरीच्या वायरी लावून डबी फिरवली. चाकं या टोकापासून त्या टोकापर्यंत गरागरा वळली. "मोटर एकदम तंदुरुस्त है, बीबी. मगर डब्बी ढीली बैठी. कौन खोला?"

"पहले से ऐसाच था."

"अच्छा? और ये इस्क्रू का छेद पहले से खाली?"

मी दुकानातल्या कॅलेंडरकडे बघू लागले.

"पॅकिंग देना पड़ता. कागज है कुछ?"

माझ्या झोळीत एकाच प्रकारचा कागद असायचा. मी दिला. त्यांनी त्याची आठपदरी घडी केली, डबीखाली दाबून बसवली आणि झाकण लावलं. "कागज में दम है," म्हणाले. माझ्या लेखनाबद्दल इतकं चांगलं तोवर कोणी बोललं नव्हतं.

घरी आले. थरथर थांबली होती. वळणं मात्र तेवढंच अपुरं. आणि मूर्तीअंकल दुसऱ्याच दिवशी, रविवारी, निघणार होते.

रविवारी सकाळी समोर लॉरी लागली. कपाट, पलंग, कुंड्या सगळं चढलं. शेवटी मूर्तीअंकल रस्ता ओलांडून आले. पप्पा इस्त्रीचा शर्ट घालून फाटकात उभे होते, एका हातात ट्रक, दुसऱ्या हातात रिमोट, बगलेत रजिस्टर.

"मूर्ती गारू, माफ करना. मैं जैसा लिया वैसा रखा नहीं." पप्पांनी आठवडाभर पाठ केलेलं भाषण सुरू केलं. "ये घूमताच नहीं. पूरा रिपोर्ट लिखा हूं. सात पन्ने."

मूर्तीअंकलनी रजिस्टरला हातही लावला नाही. ते रिमोटकडे बघत होते.

"ये क्या है?"

"कव्हर."

"इसपे?"

"रबरबँड."

"तीन?!"

त्यांनी एकेक रबरबँड काढला, दोन्ही पिशव्या सोलल्या. रिमोटच्या कडेला, नेमकी रबरबँडखाली दडलेली, एक बारीकशी चकती होती. मूर्तीअंकलनी ती अंगठ्याने फिरवली, ट्रक खाली ठेवला आणि रिमोटवरचं चाक वळवलं.

ट्रकने पप्पांभोवती एक संपूर्ण, देखणी, फोडणीच्या वासाची प्रदक्षिणा घातली.

"कितना मुड़ना, वो इससे ठहराते," मूर्तीअंकल म्हणाले. "मैंच कम करके दिया था. बोलने कू भूल गया."

"कैकू?" पप्पांनी विचारलं.

"आपकी लड़की चलाएगी, मालूम था ना! चौक में उसका भाषण सुना हूं मैं. एकदम से मुड़ती वो. गाड़ी उलटी कर डालती."

म्हणजे ट्रक कधी बिघडलाच नव्हता! पंधरा दिवस आम्ही एका धडधाकट ट्रकवर उपचार केले होते. पप्पा फाटकाला टेकून मटकन खाली बसले. इतकं मोकळं झालेलं माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

इथेच संपायला हवं होतं. पण मूर्तीअंकलना शिंक आली. मग दुसरी. मग तिसरी.

"अय्यो! पेट में क्या भरे इसके?" आणि त्यांनी खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला.

तेवढ्यात मला आठवलं. डबीखाली काय आहे ते!

"अंकल, नको! उशीर होईल! लॉरीवाला थांबलाय!"

"लॉरीवाला चाय पीने गया."

"आत मिरची आहे! डोळ्यांत जाईल!"

"चष्मा है."

झाकण उघडलं. त्यांनी दोन बोटांनी घडी ओढून काढली. एक पदर, दोन पदर, चार पदर. मिरचीने लाल आणि तेलाने पारदर्शक झालेलं माझं पत्रक त्यांच्या हातात उलगडलं, आणि नेमकी तेलुगू बाजू वर आली.

"काय आहे हो?" आईने विचारलं.

"बोलती," मूर्तीअंकल सावकाश म्हणाले, "बाहर वालों, वापस जाव."

हमाल थांबले. पप्पा उठून उभे राहिले. "प्रज्ञाबाई," ते म्हणाले. पप्पा मला 'बाई' पूर्ण नावाला जोडून म्हणतात तेव्हा आई स्वयंपाकघरात निघून जाते. ती गेली.

मी माझंच पत्रक परत मागायला हात पुढे केला. आयुष्यात पहिल्यांदाच.

"ये तो है मेरे पास," मूर्तीअंकल म्हणाले. "गेट में डाली थी ना? सब हैं मेरे पास. पहले वाली में दम था. इसमें चौथा मुद्दा कमजोर है."

"तुम्ही... वाचलीत?"

"हौ. और कौन पढ़ता?"

मग ते पप्पांकडे वळले. "वाघमारे गारू, आपके पिताजी किधर से आए?"

"देगलूर के पास से," पप्पा मान खाली घालून म्हणाले.

"और मैं गुंटूर से. तो ये दोनों कू बोल रही. चलो, बैठो लॉरी में! आपकू देगलूर में उतार देतूं!"

 मग पप्पा हसले. आधी नुसते खांदे हलले, मग रजिस्टर पडलं, मग डोळ्यांतून पाणी आलं. मूर्तीअंकल तर लॉरीला धरून हसत होते. आई पाण्याचे पेले घेऊन बाहेर आली आणि कशाला हसायचं ते न कळताच हसली. आठवडाभराचं सगळं हवामान त्या पाच मिनिटांत वाहून गेलं.

मूर्तीअंकलनी पत्रकाची पुन्हा आठपदरी घडी केली आणि होती तिथेच घातली. "बराबर बैठी है. रहने दो." मग रिमोट पप्पांच्या हातात दिला. या वेळी पप्पांनी हात मागे बांधले नाहीत. त्यांनी लॉरीभोवती एक फेरी मारली, दुसरी मारली, आणि तिसऱ्या फेरीला म्हणाले, "कव्हर नसलं की हाताला बरं लागतं."

अशा रीतीने, ज्या पत्रकाने मी मूर्तीअंकलना जायला सांगितलं होतं, ते स्वतःच त्यांच्याबरोबर निघून गेलं.

दोनेक महिन्यांनी त्यांचा फोन आला. पप्पांशी तासभर बोलल्यावर त्यांनी मला बोलावलं.

"अम्मा," ते लेकीला हाक मारावी तसं म्हणाले, "नया कुछ लिखी क्या? भेज ना. पुराना वाला दब गया, डब्बी फिर हिलती."

"वाचायला की लावायला?"

"पहले पढ़तूं, फिर लगातूं. मगर जरा मोटे कागज पे छाप."

माझ्या लेखनाला आलेली ती पहिली मागणी. त्याच दुपारी मी हिमायतनगरच्या छापखान्यात गेले. मालकाने नेहमीप्रमाणे कपाळाला हात लावून विचारलं, "आता कोणाविरुद्ध?"

"ते नंतर बघू," मी म्हणाले. "आधी कागद दाखवा."