कॉलरमधली टाचणी

पडदा उघडतो तेव्हा सिनेमागृहात अंधार आहे आणि आमचे टेलर मास्तर खुर्चीत चुळबुळ करताहेत. नाटकातले माझे सगळे राजेशाही पोशाख याच माणसाने शिवले. भर प्रयोगात एकही टाका कधी उसवला नाही. आज कधी नव्हे ते दुकान बंद ठेवून ते बायको-मुलीबरोबर बाहेर पडले होते. वाटेत एका नवरदेवाचा कोट पोचवला, मुलीला चपला घेतल्या आणि आता हा सिनेमा.

"अहो, मुंग्या चावताहेत का?" बायकोने विचारलं.

"त्या कोटाच्या कॉलरमध्ये टाचणी राहिली बहुतेक. उद्या भर लग्नात बिचाऱ्याच्या मानेत घुसेल गं!"

"बाबा, निदान व्हिलन मरेपर्यंत तरी थांबा!"

मास्तर कसले थांबताहेत! मध्यंतरातच तिघांची वरात नवरदेवाच्या दारात. मास्तरांनी कॉलरवरून अंगठा फिरवला आणि टाचणी अलगद ओढून काढली. बायकोचा जीव भांड्यात पडला.

"झालं समाधान? आता हॉटेलात चला, पोटात कावळे ओरडताहेत."

पण मास्तरांची नजर आता बाहीच्या खांद्यापाशी पडलेल्या चुणीवर खिळली होती. खिशातून सुईदोरा निघालाच.

"तुम्ही पुढे होऊन जेवण मागवा," ते म्हणाले, "एवढी बाही उसवतो नि आलोच."