समोरच्याची खुर्ची

दारव्ह्याला वकीलचाचांकडे गेलेल्या माणसाला आधी स्वतःच्याच विरोधात बोलावं लागे. त्यांच्या कचेरीत पक्षकारासाठी दोन खुर्च्या होत्या. एक वेताची, हात टेकायला जागा असलेली. दुसरी लाकडी, कडक, एका पायानं डुगडुगणारी. तिला ते ‘समोरच्याची खुर्ची’ म्हणत. आलेल्या माणसानं पहिल्यांदा तिच्यावर बसायचं आणि ज्याच्याशी भांडण आहे त्याची बाजू मांडायची. ती नीट मांडता आली तरच वेताची खुर्ची मिळे.

साठ सालच्या आगेमागे आमच्या जिनिंगला आग लागली, तेव्हा मी या खुर्चीवर बसले. ऐन हंगाम होता, शेडमध्ये कापसाचे ढीग होते. विम्याचा हप्ता वेळेवर भरलेला, कागद जागेवर. त्या बाबतीत मी कडक आहे. तरी कंपनीनं दावा फेटाळला. कापूस आधीच हलवून रिकामी शेड पेटवून दिली, असा त्यांनी संशय घेतला. पोलिसांकडे अर्जही गेला. जमादार दोनदा घरी येऊन गेला. आमचे हे जेवायला बसत आणि ताटावरून तसेच उठत. प्रश्न भरपाईपुरता राहिला नव्हता, यांना अटक होते की काय हा होता.

कचेरीत शिरताशिरताच यांनी कंपनीला शिव्या द्यायला सुरुवात केली. चाचांनी चष्म्यावरून पाहिलं. “शेठ, शिव्या चपलीपाशी ठेवा. जातानी घेऊन जाजा, कोणी चोरत नाही.” मी मुद्दे लिहून नेले होते. तो कागद त्यांनी पालथा ठेवला आणि लाकडी खुर्चीकडे बोट केलं.

“बाई, तुमी बसा तिकडं. तुमी आता कंपनी. सांगा, शक काहून आला?”

“शक यायचं काही कारणच नाही.”

“हे तर तुमी शेठची बायको म्हणून बोलून राह्यल्या. तुमचं दुःख मले दिसते. त्याहीचा शक दिसत नाही. थो दाखवा.”

माझ्या मनात राग होता. पण बसले आणि कंपनीच्या साहेबासारखा विचार केला. मग तोंडून निघालं, “आम्ही पाहायला आलो तेव्हा शेड सारवलेली होती. जळका कापूस तर सोडाच, राखसुद्धा नव्हती.”

“बराबर. मग कापूस गेला कुठं?”

यांनी मान खाली घातली. आगीनं तोंड लावलेली वस्तू घरात ठेवू नये, अशी सासूबाईंची रीत. आग विझली, त्याच्या दुसऱ्या सकाळी त्यांनी कामाच्या बायकांना बोलावून सगळा अर्धाजळका कापूस वाटून टाकला, राख शेतात पाठवली आणि शेड सारवून घेतली. कापूस दाबून ठेवला की वरून जळतो, पण आतला नुसता करपतो. तो बायकांनी निवडून गाद्या-उशांत भरला. थंडीचे दिवस होते. हे कंपनीला सांगायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

चाचांनी मला वेताची खुर्ची दिली. म्हणाले, “गाद्या बोलवा.”

त्यांनी कंपनीला पत्र लिहून दुसरी पाहणी मागितली आणि ती मिळवली. आम्हाला दोनच गोष्टी बजावल्या. कुणावर जोर करायचा नाही, आणि काय बोलायचं ते कुणाला शिकवायचं नाही. “शिकवलेला साक्षीदार सर्व्हेअरले वासानंच समजते.”

मी वस्तीत गेले. रेच्यावर, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रावर, काम करणारी सखूबाई दारातच उभी राहिली. “बाई, आज गादी मागता. उद्या साहेब म्हणन, मालाची चोरी केली. मंग?” दुसरी मागून म्हणाली, “आन् फाडली तर लेकरं कायच्यावर निजतीन? तुमच्या विम्यावर?” कंपनीचा संशय आणि पाहणीचा दिवस तेवढा मी सांगितला आणि परत आले.

पाहणीच्या सकाळी कंपनीचा सर्व्हेअर जीपमधून उतरला. शेडमध्ये आम्ही दोघं, सासूबाई आणि चाचा. बाकी कुणी नाही. सर्व्हेअरनं स्वच्छ जमिनीकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. हे दोनदा फाटकापर्यंत जाऊन आले. चाचा मात्र एका उलट्या टोपलीवर बसून सुपारी कातरत होते. सर्व्हेअर जीपकडे वळला तेव्हा त्यांनी पहिल्यांदा तोंड उघडलं, “साहेब, चहा घेऊन जा. इथला चहा टाळला तर रस्त्यात जीप बंद पडते.”

चहा होईतो फाटकात सखूबाई दिसली. डोक्यावर गादी. ती उतरवून तिनं स्वतःच विळ्यानं कड उसवली. आतून करपलेला, तांबूस-काळा कापूस निघाला आणि शेडभर धुराचा वास पसरला. तिच्यामागे दुसरी आली, मग गाडीत उशा घालून तिसरी.

सर्व्हेअरनं विचारलं, “हा तुम्ही उचलून नेला?”

सखूबाईनं विळा खाली ठेवला. तेवढ्यात, चार माणसांत कधी न बोलणाऱ्या सासूबाई पदर सावरत पुढे झाल्या. “त्यायनं नाही नेला. मीच देल्ला. माह्या हातानं.”

सर्व्हेअरनं मूठभर कापूस हुंगला आणि लिहायला बसला.

दावा पुरा मिळाला नाही, घासाघीस झालीच. पण संशय कंपनीनं लेखी मागे घेतला, जमादार यायचा थांबला आणि हे ताटावर शेवटपर्यंत बसू लागले. वस्तीतल्या गाद्या आम्ही नव्या कापसानं भरून दिल्या. करपलेला कापूस चाचांनी मागून घेतला आणि त्याची उशी करून लाकडी खुर्चीवर टाकली. मी विचारलं, तर म्हणाले, “समोरच्याले बी बसाले थोडं नरम पाह्यजे.”

पुढे डोळे अधू झाल्यावर ते मुलीकडे नागपूरला गेले. निघताना हमालाच्या डोक्यावर ती खुर्ची आमच्याकडे पाठवली. चिठ्ठी नाही, निरोप नाही. तिथंच ते वारल्याचं आम्हाला उशिरा कळलं.

खुर्ची ओसरीत आहे. अजून डुगडुगते, आणि दमट हवेत उशीला धुराचा वास येतो. घरात आवाज चढले की आमचे हे बोलता बोलता थांबतात, उठतात आणि तिच्यावर जाऊन बसतात. म्हणतात, “हं. आता मी तू आहे. सांगतो, माझं काय चुकलं.”