सायबिणीसाठी तेलाची बाटली

मी चर्चच्या लोकांबरोबर पोर्तुगालला गेले होते हे कळल्यावर तुम्ही दोघं नातवंडं फोनवर एकदम ओरडलात, "पण आपण तर हिंदू ना?" फोनवर ते नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

गोवा राज्य झालं, त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. मी डिचोलीच्या एका हायस्कुलात इंग्रजी शिकवत होते. शाळेचे मॅनेजर असलेले फादर आपल्या चर्चमधल्या लोकांना पोर्तुगालमधल्या फातिमा गावी, येशूच्या आईच्या यात्रेला नेत होते. निघायच्या आधी एक बाई पाय मोडून घरी बसल्या, आणि फादरनी मला विचारलं, "टीचर, येता?"

मुळगावच्या घरी तुमच्या आजोबांनी वर्तमानपत्रातून डोकं वर केलं. "पाद्र्याबरोबर यात्रा? उद्या गळ्यात क्रूस घालून येशील."

माझ्या सासूबाई चुलीपुढे होत्या. माहेर पेडण्याकडचं, बोलणं तिकडचंच. तिथूनच म्हणाल्या, "घालून इली तर तुका काय टोचता? तू जा गो. फक्त माझा त्याल घेवन जा."

शिरगावची लईराई देवी आणि म्हापशाच्या चर्चमधली सायबीण, म्हणजे येशूची आई, या सख्ख्या बहिणी, असं आमच्याकडे सगळेच मानतात. सासूबाई दरवर्षी बसने म्हापशाला जाऊन सायबिणीला तेल घालून येत. गुडघे धरल्यामुळे दोन वर्षं ते राहून गेलं होतं आणि त्यांच्या मनाला लागलं होतं. आता सून सायबिणीच्या मोठ्या घरी चाललीय म्हटल्यावर त्यांनी आमच्या माडांच्या खोबऱ्याचं तेल औषधाच्या बाटलीत भरलं, वर घट्ट फडकं बांधलं. "दिवो पेटललो तुझ्या डोळ्यांनी बघ, मगेच परत ये."

माझा असल्या गोष्टींवर फारसा विश्वास नव्हता. पण घरात मला जा म्हणणाऱ्या त्या एकट्याच होत्या, आणि त्यांच्याशी खोटं बोलणं मला कधी जमलं नव्हतं.

फातिमाला पोचलो आणि पाहते तो तेल गोठून पांढरंधोप झालेलं. खोलीतल्या माझ्या सोबतिणीने, चर्चमध्ये गाणाऱ्या एका हसऱ्या बाईने, बाटली उचलून विचारलं, "टीचर, क्रीम हाडलां? मात्शें दी गो, हात फुटल्यात."

"बाय, हाताला लावायचं क्रीम नाही ते, देवाचं आहे!"

तिने बाटली अशी खाली ठेवली की जणू हात भाजला. मग आम्ही दोघी कितीतरी वेळ हसत होतो.

तिथे हजारो मेणबत्त्या जळत होत्या, पण तेलाचा दिवा कुठेच नव्हता. फादर म्हणाले, "टीचर, इथे तेल ओतलंत तर आगीचा बंब येईल. माझ्याकडे द्या, मी आशीर्वाद देतो, झालं." पण सासूबाईंना आशीर्वाद नको होता, दिवा हवा होता.

शेवटच्या दिवशी लिस्बनमध्ये सगळे खरेदीला गेले. तीन वाजता हॉटेलवरून विमानतळाची बस होती. मी साडीवर स्वेटर घातला, पायात मोजे चढवले, वहीत हॉटेलचा पत्ता लिहून घेतला आणि एकटी बाहेर पडले. घराबाहेर इतकी एकटी मी त्याआधी कधीच चालले नव्हते. म्हापशालासुद्धा कोणी ना कोणी बरोबर असायचं.

ते चालणं मला आजही स्वप्नात पडतं. चढत जाणाऱ्या गल्ल्या, दोन्हीकडे वाळत घातलेल्या चादरी, आणि चादरींतून गाळून आलेलं पिवळं ऊन. कुणी कुणाला हाका मारत होतं, त्यातून मध्येच आपल्या खिडकीचं 'जनेल' ऐकू यायचं, टेबलाचं 'मेज' ऐकू यायचं. आमच्या स्वयंपाकघरातले शब्द माझ्याआधीच इथे येऊन राहिले होते. मला भीती वाटेना. उलट वाटे, पुढच्या वळणावर आपलंच तुळशीवृंदावन दिसेल.

पहिल्या चर्चमध्ये विजेचे दिवे, दुसऱ्यातही विजेचेच. तिसरं अगदी लहान होतं, आपल्या शाळेच्या एका वर्गाएवढं. आत शिरले आणि थांबले. मूर्तीपुढे साखळीला लाल काचेचा पेला टांगला होता, आणि त्यात तेलावर वात तरंगत होती.

तेल मात्र दगड झालेलं. मी बाकावर बसले आणि बाटली साडीच्या आत पोटाशी धरली. झाडलोट करणाऱ्या काळ्या कपड्यातल्या म्हातारीला वाटलं माझं पोट दुखतंय. ती पाणी घेऊन आली. मी बाटली काढून दाखवली, दिव्याकडे बोट केलं. तिने फडकं सोडून वास घेतला, भुवया उंच केल्या, पुन्हा वास घेतला. मग माझ्या हाताला धरून बाहेर पायरीवर उन्हात आणलं आणि बाटली स्वतःच्या तळव्यांत घेऊन चोळू लागली.

आम्ही दोघी तिथे बसलो. थोडा वेळ बाटली तिच्या हातात, थोडा वेळ माझ्या. ती तिच्या भाषेत काहीतरी सांगत होती, मी मराठीत सासूबाईंच्या गुडघ्यांबद्दल सांगत होते. घड्याळात दोन वाजून गेले. बाटलीच्या कडेने पाण्यासारखी एक रेघ सुटली, मधला पांढरा गोळा हळूहळू फिरू लागला. अडीच झाले. उठायला हवं हे कळत होतं, पण पाय निघत नव्हता.

गोळा विरघळल्यावर तिने पेला खाली ओढला आणि बाटली माझ्याच हातात दिली. मी तेल घातलं. तिने नवी वात लावली. ज्योत आधी तडतडली, मग स्थिर झाली, आणि त्या थंड चर्चमध्ये आमच्या माजघराचा वास पसरला. म्हातारीने डोळे मिटून तो खोल आत ओढून घेतला.

मी पोचले तेव्हा बस माझ्यासाठी वीस मिनिटं खोळंबली होती. फादर दारात उभे. "टीचर आणि उशीर! आज तुम्हीच वर्गाबाहेर उभ्या राहा." सगळी बस हसली. माझ्या सोबतिणीने फक्त रिकामी बाटली पाहिली आणि मला खिडकीजवळची जागा दिली.

घरी आल्यावर सासूबाईंनी मला चुलीपाशी बसवून घेतलं. दिवा कसला, साखळी केवढी, वारा होता का, त्या बाईने हात धुतले होते का, सगळं विचारलं. मी सगळं सांगितलं, आणि सगळं खरं होतं. मग त्यांनी विचारलं, "आणि सायबिणीचा तोंड कसा होता?"

इतका वेळ मी बाटलीकडे पाहत होते, नाहीतर ज्योतीकडे. वर मान करून पाहिलंच नव्हतं.

"नाही पाहिलं, आई."

त्या तोंडाला पदर लावून इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. "इतक्या लांब गेलं गो, आणि तिका बघूक इसारलं! ऱ्हवांदे. तिना तुका बघल्यान मां, झाला." आणि भाताचं आधण ठेवायला उठल्या.