न धावलेले टायर

जर्मनीतल्या गेर्लिंगेन गावाबाहेर, जिथे कचेऱ्यांच्या काचा संपतात आणि कोबीची शेतं लागतात, तिथे एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या कोठारात आमची कॅराव्हॅन उभी असे. मोटारीमागे जोडून ओढत न्यायचं ते लहानसं पांढरं घर आम्ही कोरं करकरीत घेतलं, तेव्हा आम्ही तिघं होतो. पहिल्या तीन उन्हाळ्यांत ती पाच वेळा रस्त्यावर आली. मग नवरा पुण्याला गेला आणि ती कोठारात गेली. त्याच्या कंपनीने तिकडे नवा विभाग उघडला होता. दोन वर्षांचं काम होतं, शिवाय सासूबाईंना सोबत होणार होती. मुलीची शाळा मोडू नये म्हणून मी मागे राहिले. पुढे मुलगीही शिकायला हॅम्बर्गला गेली. ग्रंथालयातली अर्ध्या दिवसाची नोकरी सोडली, तर मला इथे धरून ठेवणारं काही उरलं नव्हतं, आणि तरीही मी इथेच होते. दोनाची तीन वर्षं झाली होती.

महिन्यातून एका शनिवारी मी कोठारात जायची. तिथे गवताचा कोरडा, किंचित गोड वास असे आणि त्याच्या तळाशी डिझेलचा. फळ्यांच्या फटींतून उन्हाच्या पट्ट्या आत येत आणि दुपार होईतो त्या पांढऱ्या पत्र्यावरून हळूहळू उतरत जात. मी खिडक्या उघडायची, गाद्या उभ्या करायची, घडीच्या टेबलाशी बसून थर्मासमधला चहा प्यायची. बंद राहिलेल्या जागेत स्वतःच्या घोट घेण्याचा आवाजही मोठा वाटतो. तासाभराने सगळं पुन्हा लावून घेऊन मी परतायची. घर राखल्याचं समाधान त्यात होतं, असं तेव्हा वाटे.

दोन हजार सतराच्या मे महिन्यात शेतकऱ्याने मला तिथेच गाठलं. त्याच्या हातात पांढऱ्या श्पार्गेलची, म्हणजे शतावरीची, जुडी होती, नुकते काढलेले कोंब, बुडाशी ओली माती. ती माझ्या हातात देऊन तो म्हणाला, "कोठार पाडायचंय. जूनअखेर जागा मोकळी करून द्या."

जुडी आधी आणि निरोप मग, ही त्याची दिलगिरी असावी.

"बारा किलोमीटरवर माझ्या मेहुण्याचा गोठा आहे. रिकामाच असतो. हवं तर तिथे उभी करा," तो म्हणाला. मग त्याने बुटाच्या टोकाने कॅराव्हॅनच्या टायरला हलकेच ढोसलं. "हे कारखान्यातनं आलेलेच का?"

"हो. पण अगदी नव्यासारखे आहेत."

"हो, हो," तो म्हणाला. "दिसतात खरे."

त्याने खाली वाकून टायरच्या बाजूवरचे चार आकडे बोटाने पुसले. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. सात वर्षं झाली होती. आम्ही कॅराव्हॅन घेतली त्याच्या आधी कित्येक महिने ते टायर जन्माला आले होते, हे मला तोवर माहीत नव्हतं. कॅराव्हॅनचे टायर सहा वर्षांवर गेले की इथे ताशी शंभराने जाण्याची मुभा संपते, एवढं मात्र ऐकून होते. पण ताशी शंभराने मला कुठे जायचं होतं?

खरं तर जायचं होतं. बोडनझे सरोवराच्या काठावर, पाण्यापासून चाळीस पावलांवर, जूनमधल्या सुट्टीसाठी मी कॅराव्हॅन उभी करायची एक जागा राखून ठेवली होती. पत्रात 'व्यक्ती : एक' असं लिहिलं होतं. हे मी नवऱ्याला सांगितलं नव्हतं.

रविवारी सकाळी आमचं बोलणं होई. तिकडे दुपारची जेवणं आटोपलेली असत आणि त्याचा आवाज थोडा जडावलेला असे. मी कोठाराचं सांगितलं, टायरचं सांगितलं.

"अगं, बदलायचे कशाला?" तो म्हणाला. "तीन हजार किलोमीटरसुद्धा झाले नाहीत त्यांचे. असं कर, एक युरोचं नाणं घे आणि खाचेत उभं खोव. सोनेरी कड पूर्ण बुडली की समज टायर ठीक."

"बुडते. पाहिली मी."

"मग झालं! गोठ्यापर्यंत चाळीसच्या वेगाने ओढून ने. ऑगस्टमध्ये मी येतोय, तेव्हा बघतो ना नीट."

हे 'बघतो ना' आमच्या संसारात फार जुनं होतं. तो यंत्रांचा माणूस, त्याने पाहिल्याशिवाय घरातला बल्बही बदलला जात नसे. गेल्या दोन उन्हाळ्यांत तो दहा-दहा दिवस आला, लॅपटॉप उघडून बसला, दुपारी झोपला, आणि कोठाराकडे जायचं राहून गेलं. जुने टायर बारा किलोमीटर गेले असते. मग कॅराव्हॅन दुसऱ्या छपराखाली त्याची वाट पाहत उभी राहिली असती, आणि महिन्यातून एकदा मी तिच्यात बसून चहा प्यायले असते. महामार्गावरून एवढ्या लांबचं सरोवर गाठायचं तर नवे टायर हवे होते, आणि ते घालायचे तर त्याच्या येण्याची वाट सोडायला हवी होती. इतकी साधी गोष्ट. पण मी दोन आठवडे ती मनात घोळवत राहिले.

मुलीला फोन केला. ती 'आई' एवढंच मराठीत म्हणते. बाकी मी मराठीत विचारायचं आणि तिने जर्मनमध्ये उत्तर द्यायचं, अशी आमची वाटणी आहे. मागे बंदरावरच्या पक्ष्यांचा कर्कश गलका ऐकू येत होता.

"आई, टायर आहेत ते," ती म्हणाली. "खापरपणजीच्या पाटल्या नाहीत."

"बाबा म्हणतात, चांगले आहेत."

"बाबा हजारो किलोमीटर दूर आहेत. टायर कोण बघणार, तू की ते?"

"तू येशील का माझ्याबरोबर?"

"परीक्षा आहेत गं," हे तिने चक्क मराठीत सांगितलं. नकार कमी टोचावा म्हणून. मला ते कळलं, आणि तिला मला कळल्याचंही.

पुढच्या शनिवारी शेतकरी कोठारात जॅक घेऊन आला. हवा भरून, चाक फिरवून एकदा तरी बघू, असं त्याचं म्हणणं होतं. मी निर्धास्त होते. कोठाराच्या धुळीतही ते टायर काळेभोर चमकत होते, आणि त्या चमकेचा मला थोडा अभिमानही होता. त्याने गुडघे टेकले, अंगठा टायरच्या बाजूवर दाबला आणि मग तोच अंगठा नाकाशी नेला.

"आता हा वास कसला? नाताळच्या बिस्किटांचा?"

"खोबरेल तेल आहे ते," मी म्हणाले.

त्याने अंगठा पुन्हा एकदा हुंगला.

आमच्याकडे खंडेनवमीला वाहनं धुतात, पुसतात, त्यांची पूजा करतात. सासरी एक जादा रीत होती : चाकांना खोबरेल तेलाचा हात फिरवायचा, म्हणजे रबर काळं, तुकतुकीत दिसतं. नवरा पुण्याला गेल्यापासून ही पूजा मी एकटीच करत होते. ऑक्टोबरच्या थंडीत बाटलीतलं तेल मेणासारखं गोठलेलं असे. ती बाटली मी आदल्या रात्रीपासून हीटरवर ठेवायची, टॉवेलात गुंडाळून कोठारात न्यायची. बोटांखाली ते पातळ, कोमट तेल रबराच्या बारीक अक्षरांत शिरे. मग कुंकवाची बोटं, बाल्कनीतल्या कुंडीतला झेंडू. पत्र्याला कान नसतात, तरी मी काहीतरी पुटपुटत असे. तीन दसरे मी हे केलं. वर्षभरात त्या चाकांना कुणाचा हात लागत असेल तर तो तेवढाच.

हे सगळं जर्मनमध्ये कसं सांगणार? मी म्हणाले, "आमच्यात वर्षातून एकदा लावतात. सणाला."

शेतकरी हसला नाही. त्याने बादलीत साबणाचं पाणी आणलं, चिंधीने टायरची एक बाजू घासून काढली, आणि सारा भार देऊन ती दाबली. तेलाखालून बारीक भेगा उघडल्या. एक, मग दहा, मग मोजता येऊ नयेत इतक्या. आटलेल्या तळ्याच्या गाळाला पडतात तशा. तेलाने त्या बुजल्या होत्या, काही जागी रबर फुगून मऊ, चिकट झालं होतं. चाक फिरवलं तेव्हा खाली आणखी एक गोष्ट दिसली. जिथे टायर तीन वर्षं जमिनीला टेकून होता तिथे तळहाताएवढा सपाट चट्टा पडला होता.

"उभं राहून राहून होतं असं," तो म्हणाला. "धावले असते तर बरे राहिले असते."

त्याने हात पुसले आणि बादली उचलून तो बाहेर गेला. मी ते उघडं पडलेलं रबर पाहत होते. तिथे अजूनही साबणाखाली खोबऱ्याचा वास होता, आणि मला फार लाज वाटत होती; कोणाची, ते सांगता आलं नसतं.

भेगांचे फोटो मी नवऱ्याला पाठवले. त्या दिवशी रविवार नव्हता, तरी त्याचा लगेच फोन आला.

"तेल लावायला कुणी सांगितलं तुला?"

"तुझ्याच घरची रीत आहे ती."

"अगं, माझे बाबा स्कूटरच्या चाकांना लावायचे! ती स्कूटर रोज मंडईत जायची. आठवड्यात उडून जायचं ते तेल." तो स्वतःशीच हसला. मग गंभीर झाला. "हे बघ, बारा किलोमीटर तरी निघतील त्यावर. हळू ने. ऑगस्टमध्ये मी..."

"नक्की येतोस ऑगस्टमध्ये?"

तिकडे कुकरची शिट्टी झाली. सासूबाईंनी कुणालातरी हाक मारली. माझ्या ओळखीचं ते स्वयंपाकघर त्या दोन आवाजांत पुरतं उभं राहिलं. ओट्याची गार कड, खिडकीतला तुळशीचा डबा. तिथे त्याचं चांगलं चाललं होतं.

"ऑगस्टचं कठीण आहे," तो म्हणाला. "तुला सांगणारच होतो. काम वाढवलंय त्यांनी. अजून दोन वर्षं."

"कधी कळलं?"

"होळीच्या सुमारास."

"सही केलीस?"

"केली." मग तो म्हणाला, "तू ये ना इकडे. काय ठेवलंय तिथे?"

त्याच्या आवाजात खोटेपणा नव्हता, तो मला खरंच बोलावत होता. आणि तरी होळीपासून मेपर्यंत दर रविवारी त्याने मला 'ऑगस्टमध्ये बघतो' म्हणून सांगितलं होतं. मी म्हणाले, "मी टायर बदलते आहे."

"बदल," तो म्हणाला. इतक्या सहज, की मी वाट पाहत होते ती परवानगी तीन वर्षं त्याच्या खिशात मोकळीच पडून असावी.

चाकं दोनच होती. शेतकऱ्याने कॅराव्हॅन लाकडाच्या ओंडक्यांवर टेकवून ती काढून दिली आणि मी ती मोटारीच्या मागच्या भागात जुन्या चादरीवर ठेवून गावातल्या टायरवाल्याकडे नेली. दुकानात रबराचा दाट, कडवट वास होता. यंत्राने जुना टायर रिंगेवरून उपटला तेव्हा ओलं लाकूड तडकावं तसा आवाज आला. नव्या टायरवर रबराचे बारीक केस असतात, साच्यातून निघताना उरलेले. मी त्यांवरून तळवा फिरवला. चार आकडे वाचले. ते टायर जेमतेम अडीच महिन्यांपूर्वी जन्मले होते, होळीच्या आसपासच.

"जुने परत नेणार?" दुकानदाराने विचारलं.

"नाही," मी म्हणाले. त्याने ते दोन्ही मागच्या ढिगावर फेकले. एक थोडा घरंगळला आणि आडवा झाला.

"पन्नास किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा आवळून घ्या," तो म्हणाला. "नवऱ्याला सांगा, विसरू नका म्हणावं."

"बरं," मी म्हणाले.

जूनच्या पहिल्या शनिवारी मी निघाले. शेतकऱ्याने हूक जोडून दिला, दिवे तपासले आणि बोल्ट आवळायचा पाना माझ्या शेजारच्या सीटवर ठेवला. परत आणून द्या, एवढंच म्हणाला. कोठाराच्या दारातून कॅराव्हॅन बाहेर आली तेव्हा ऊन तिच्या साऱ्या अंगावर एकदम पडलं. मागचं ओझं पहिल्या वळणावर पाठीला जाणवलं, जसं झोपलेलं मूल कडेवर घेतल्यावर जाणवतं. दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरून मी ऐंशीच्या वर गेले नाही.

पन्नास किलोमीटर झाल्यावर महामार्गालगतच्या एका थांब्यावर गाडी घेतली. पाइनची झाडं होती, लाकडी बाक होते. एका बाकावर एक कुटुंब उकडलेली अंडी सोलत होतं. वडील मुलांना मीठ वाटत होते. मी पाना घेऊन चाकाशी बसले. डांबर गुडघ्यांना गरम लागत होतं. पाना बोल्टवर बसवायचा, खाली दाबायचं, आणि योग्य ताकद लागली की तो कट् असा आवाज करतो. त्यापुढे दाबायचं नाही. एकेका चाकाला पाच बोल्ट. पहिला कट् झाला. दुसरा. दुसऱ्या बाजूला जाऊन उरलेले पाच. एकही तसूभर हलला नाही. सगळे जागच्या जागी घट्ट होते.

हे कुणाला तरी सांगावं असं फार वाटलं. फोन हातात घेतला. तिकडे दुपार टळली असेल, हॅम्बर्गला परीक्षेचा अभ्यास असेल. अंडी सोलणाऱ्या बाईने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि नजर मुलांकडे वळवली. "घट्ट आहेत," मी मराठीत म्हणाले, मोठ्याने, चाकाकडे बघत. आवाज माझाच होता, पण प्रवासाला लागल्यापासून पहिल्यांदाच बोलल्यामुळे तो जरा फाटला. मी हात पुसले, पाना सीटवर ठेवला आणि आरशात मागे कुणी येत नाही हे पाहून गाडी रस्त्यावर घेतली. पाणी अजून शंभराहून अधिक किलोमीटर दूर होतं.