समोरच्यांच्या उतारावरचा पिवळा पट्टा

काचबिंदू झालेल्या माणसाला सगळीकडे अंधार दिसतो असं लोकांना वाटतं. तसं नसतं. मला समोरचं नीट दिसतं, पेपरातली बारीक अक्षरंही वाचता येतात. पायाशी काय आहे ते मात्र दिसत नाही, आणि दिसत नाही हेसुद्धा कळत नाही. डॉक्टरांनी तपासणीचा कागद दाखवला तेव्हा दोन्ही डोळ्यांच्या चित्रांत खालचा भाग काळा होता. गेलेली नजर परत येत नाही, थेंब घालून उरलेली सांभाळायची. चष्म्याचा काही उपयोग नाही.

बुलढाण्यातली आमची गल्ली मला पाठ होती. आमच्या बाजूला उघडी नाली, म्हणून मी समोरच्या कडेने चालायचो. नळ येण्याच्या दिवशी पाणी ओढायच्या मोटारींचे पाइप रस्त्यात आडवे पसरतात, त्या दिवशी निघायचोच नाही. एरवी ऑफिसातून आल्यावर एकट्याने चौकापर्यंत जाऊन चहा घ्यायचा. कुणाचा हात न धरता करायचं असं माझ्याकडे तेवढंच उरलं होतं.

गाडी आत घ्यायला ज्याने त्याने फाटकापुढे रस्त्यातच सिमेंटचा उतार करायचा, ही गल्लीची रीत. कुणाला विचारायचं नाही, कुणी हटकायचं नाही. समोरच्या भाऊंनी कार घेतली आणि मी ऑफिसात असताना उतार ओतून घेतला. रस्ता राखाडी, उतारही राखाडी; मला पत्ताच लागला नाही. पुढे तो वाळला, भाऊंनी त्यावरून गाडी नेली, आणि एका संध्याकाळी मी त्याच्या कडेला अडखळून आडवा झालो. मनगट मोडलं.

मनगटाचं मी विसरलो असतो. पण उचलायला जमलेल्या लोकांसमोर भाऊ म्हणाले, "सकाळी ओट्यावर बसून पेपर वाचते हा माणूस, आन् याले एवढा मोठा उतार दिसत नाही? घेतली असन थोडीशी."

लोक हसले. मी जन्मात दारूला शिवलेलो नाही.

प्लास्टर निघालं, भीती निघाली नाही. फाटकाशी आलो की मागे फिरायचो. चौकातला चहा बंद झाला. ऑटोपर्यंत बायको हात धरून न्यायची आणि समोरच्या ओट्यावरून भाऊंचा हमखास आवाज यायचा, "काय साहेब, नवी जोडी कुठं चालली?"

"लक्ष नका देऊ," बायको म्हणायची. "पाय उचला."

मी पाय उचलायचो. लक्षही द्यायचो. एकेक शब्द जपून ठेवला.

मग टेप घेतला आणि आधी स्वतःचं मोजलं. आमची खालची पायरी सात इंच रस्त्यात होती. गवंड्याला बोलावून ती तोडून घेतली. बायको म्हणाली, "पायरीनं काय केलं तुमचं?"

"काही नाही. तिच्यावरून मला कुणी बोलू नये."

भाऊंचा उतार चार फूट दोन इंच रस्त्यात भरला. हार्डवेअरवाल्याकडे पिवळा ऑइल पेंट मागितला. तो म्हणाला, "घराले शोभन असा दाखवू का?" मी म्हणालो, "शोभणार नाही असाच द्या."

रविवारी सकाळी, सगळे ओट्यांवर असताना, मी खाली बसून उताराच्या कडेने हाताने चाचपत पट्टा ओढू लागलो. भाऊ बनियनवरच बाहेर आले.

"ओ साहेब! माया उताराले रंग काऊन लावून राह्यले?"

"कड दिसत नाही म्हणून."

"घराचा पुरा शो घालवला तुम्ही! पुसा पहिले!"

"पुसतो. पण उतार रस्त्यात आहे, चार फूट दोन इंच. मग तोही काढावा लागेल. उद्या पालिकेत अर्ज देऊ? माझी पायरी मी तोडली, बघून घ्या."

भाऊंनी माझ्या तुटक्या पायरीकडे पाहिलं. त्यांची बायको फाटकातून म्हणाली, "राहू द्या ना. काऊन वाढवता?" शेजारच्या ओट्यावरचे आजोबा ओरडले, "भाऊ, हळद लागली तुमच्या घराले! पत्रिका कधी देता?" सगळे हसले. या वेळी माझ्यावर नाही.

"आणखी एक," मी म्हणालो. "त्या दिवशी मी प्यायलो नव्हतो."

"हाव, समजलं."

"जरा मोठ्यानं. त्या दिवशी जेवढं मोठ्यानं बोलला होता तेवढं."

"नव्हते पेले साहेब!" ते ओरडले आणि फाटक आपटून आत गेले. तो आवाज मला अजून गोड वाटतो.

त्या संध्याकाळी एकटा चौकात गेलो. कड दुरूनच दिसली. बाहेरून वळसा घालून गेलो. भीती गेली असं म्हणणार नाही. ती बरोबर आली, एवढंच.

बायको म्हणते, झालं ते झालं, आता सोडा. मी सोडलेलं नाही. दर दिवाळीआधी, रंग उडालेला असो वा नसो, पट्टा पुन्हा मारतो. यंदाच्या तपासणीत चित्रातला काळा भाग वाढून वर सरकलेला निघाला. म्हणून पट्टा वीतभर रुंद केला, त्यांच्या फाटकाच्या बाजूने. भाऊ उभे राहून बघत होते. मी घाई केली नाही.